चातुर्मास परदेशीचा, शिदोरी वर्ध्याची

जैन साधु-साध्वी वर्षाचे आठ महिने विहार करतात आणि पावसाळ्याचे चार महिने एका गावी स्थिर राहतात. त्या काळात गावाला धर्मश्रवण लाभते आणि साधूंना स्वाध्यायाची स्थिरता मिळते. गाव आणि साधू दोघेही काही देतात, काही घेतात, आणि चातुर्मास संपला की साधू पुढच्या वाटेला लागतात.

अलीकडे जैन घरांतील तरुण मुले-मुली एक निराळा चातुर्मास करू लागली आहेत. महाविद्यालयाच्या पदवीतील एक सत्र, म्हणजे साधारण चार-पाच महिने, ती परदेशातील एखाद्या विद्यापीठात घालवतात. दोन विद्यापीठांत करार असतो. विद्यार्थ्याचे नाव स्वतःच्या विद्यापीठाच्या पटावर राहते, तिकडे मिळवलेले श्रेयांक इकडे जमा होतात, आणि बहुधा तिकडचाही एखादा विद्यार्थी इकडे येतो. युरोपात 1987 साली ‘इरॅस्मस’ नावाने ही व्यवस्था अकरा देशांत सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी 3,244 विद्यार्थी तिचा लाभ घेऊन निघाले. आज ती जगभर रुळली आहे. मराठीत तिला ‘विद्यार्थी-विनिमय’ म्हणतात. विनिमय म्हणजे देवाणघेवाण. त्यात घेणे आहे तसे देणेही आहे.

मुलाची निवड झाल्याचे पत्र येते तेव्हा घरात आनंद होतो आणि त्याच रात्री चिंताही सुरू होते. तिकडे जेवणाचे काय? संगत कशी मिळेल? पर्युषण तिकडेच येईल, मग प्रतिक्रमण कोठे होईल? घरचे संस्कार चार महिन्यांत पुसले तर जाणार नाहीत ना? हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी मात्र विमान पकडण्याची गरज नाही. विदर्भातील वर्धा जिल्ह्यात दोन दिवस शांतपणे फिरले तरी बरेच काही उमगते. परदेशी जाऊन शिकलेली आणि परदेशातून शिकायला आलेली इतकी माणसे एवढ्याशा परिसरात क्वचितच एकत्र आली असतील.

नागपूरपासून वर्धा सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग या भागातून जातात. भोवताली कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते, उन्हाळ्यात अंग भाजून काढणारे ऊन आणि गोरस भांडाराचा तुपातला गोरसपाक, अशी या गावाची ओळख. शहराबाहेरच्या पंचटीला टेकड्यांवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय वसले आहे. 1975 च्या जानेवारीत नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, त्यात अशा विद्यापीठाची मागणी पुढे आली आणि संसदेच्या कायद्याने 1997 साली ते अस्तित्वात आले. चीन, थायलंड, श्रीलंका अशा देशांतील विद्यार्थी येथे हिंदी शिकतात.

तेथील परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला फादर कामिल बुल्के यांचे नाव दिलेले आहे. बुल्के मूळचे बेल्जियमचे, ख्रिस्ती धर्मगुरू. 1935 साली ते भारतात आले. त्यांनी हिंदी आणि संस्कृत आत्मसात केली, अलाहाबाद विद्यापीठात रामकथेच्या विकासावर हिंदीतून प्रबंध लिहिला आणि पुढे इंग्रजी-हिंदी शब्दकोश रचला. रामकथेचा एवढा अभ्यास करूनही ते आपल्या धर्मात अखेरपर्यंत स्थिर राहिले. दूर देशाहून आलेल्या विद्यार्थ्याच्या खोलीवर असे नाव असणे औचित्याचे आहे. दुसऱ्याचे मनापासून शिकल्याने स्वतःचे गळून पडत नाही, हे बुल्के यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

वर्ध्याच्या गोपुरी भागात याच धाग्याचे दुसरे टोक सापडते. जपानचे बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी 1933 च्या ऑक्टोबरात गांधीजींना वर्ध्यात भेटले. त्यांच्या संप्रदायात डफासारखे वाद्य वाजवत मंत्रोच्चार करण्याची रीत आहे. गांधीजींनी तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट केला. जपानी पाहुणा येथे काही शिकला आणि येथे काही ठेवूनही गेला. आज गोपुरीत गीताई मंदिराजवळ उभा असलेला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप त्या भेटीची आठवण जागवतो.

वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. मूळचे नाव शेगाव. 1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी येथे राहायला आले. विदर्भातच दुसरे प्रसिद्ध शेगाव असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून 1940 साली गावाला नवे नाव मिळाले. माती, बांबू आणि कौलांची बापूकुटी पाहताना एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या कुटीत राहणारा मनुष्यही एके काळी परदेशी शिकायला गेलेला, घरच्यांना चिंतेत टाकणारा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता.

1888 साली मोहनदास गांधींनी विलायतेला जायचे ठरवले तेव्हा आई पुतळीबाईंच्या मनात नेमके तेच प्रश्न उभे राहिले, जे आज जैन घरांत विचारले जातात. मार्ग काढला तो बेचरजी स्वामी या जैन मुनींनी. गांधी कुटुंबाचे ते सल्लागार होते. मद्य, मांस आणि परस्त्री यांना स्पर्श करणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी मुलाकडून घेतली आणि मगच आईने परवानगी दिली. जातीने मात्र विरोध केला आणि पुढे वाळीतही टाकले.

लंडनमधले पहिले दिवस कठीण गेले. बेचव उकडलेल्या भाज्या आणि पाव यांवर पोट भरेना. मित्र समजावीत की आईसमोर घेतलेल्या शपथेला या हवेत काय अर्थ? प्रतिज्ञा मोडली नाही, पण त्या वेळी ती केवळ आईला दिलेला शब्द होती. मांसाहार शरीरासाठी आवश्यक असावा, असेच त्या मुलाला तोवर वाटत होते. मग एके दिवशी फिरता फिरता फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक एका शिलिंगला मिळाले. ते वाचल्यावर शाकाहार ही त्यांची स्वतःची, विचारपूर्वक केलेली निवड झाली. घरून नेलेला नियम परदेशात समजला. एका इंग्रज लेखकाने तो समजावून दिला.

पुढचा भागही महत्त्वाचा आहे. हा विद्यार्थी लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेला आणि 1891 साली त्यांच्या नियतकालिकात भारतीयांचा आहार व सण यांविषयी त्याने लेख लिहिले. त्याने घेतले तसे दिलेही. शिवाय बसभाडे आणि टपालाची तिकिटे धरून प्रत्येक खर्चाची नोंद तो रोज झोपण्यापूर्वी करी आणि शिल्लक जुळवी. परदेशी निघालेल्या आजच्या विद्यार्थ्याच्या हाती घरचे पैसे एका कार्डावर असतात. ती वहीची सवय त्यालाही तितकीच उपयोगी आहे.

हिशेबाची गोष्ट निघाली की पावले वर्ध्यातील मगनवाडीकडे वळतात. तंजावरच्या जे. सी. कुमारप्पा यांनी लंडनमध्ये हिशेब-तपासनीसाचे शिक्षण घेतले, मुंबईत व्यवसाय केला आणि नंतर अमेरिकेतील सिरॅक्यूज व कोलंबिया विद्यापीठांत व्यापार आणि अर्थशास्त्राचा अभ्यास केला. कोलंबियात सार्वजनिक अर्थव्यवहार शिकताना भारताच्या दारिद्र्याची कारणे त्यांना आकड्यांतून दिसू लागली. मायदेशी परतल्यावर ते गांधीजींच्या कार्यात आले आणि 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांनी वर्ध्यात सांभाळली. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि हातसडीचा तांदूळ या विषयांवर न्यूयॉर्कमध्ये शिकलेली बुद्धी कामाला लागली. 1938 च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही पाहता येते. परदेशी विद्येचे मोल पदवीच्या कागदापेक्षा ती कोणत्या कामी आली यावर ठरते. मगनवाडीत ते प्रत्यक्ष पाहता येते.

वर्ध्याच्या या माणसांत जैन वाचकाला सर्वांत जवळची, आणि काहीशी अवघडही, वाटावी अशी कथा आहे धर्मानंद कोसंबी यांची. गोव्यातील साखवाळ गावी 1876 साली त्यांचा जन्म झाला. औपचारिक शिक्षण फारसे नव्हते. बुद्धाविषयी जाणून घेण्याच्या ओढीने ते घराबाहेर पडले. नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश असा प्रवास करून, हालअपेष्टा सोसून त्यांनी पाली भाषा शिकली. 1910 पासून अनेक वेळा ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांनी केले. मधल्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथातील प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयीच्या विवेचनाने जैन समाज दुखावला गेला होता, हे विसरता येत नाही. ती मते जैन विद्वानांना मान्य झाली नाहीत. परंतु याच कोसंबींनी ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक लिहिले, जे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या भगवान पार्श्वनाथांच्या चार यामांत त्यांना मानवजातीच्या कल्याणाचा मार्ग दिसला. वार्धक्य आणि आजार यांनी शरीर निरुपयोगी होत आले तेव्हा त्यांनी जैन सल्लेखनेच्या मार्गाने देह ठेवण्याचे ठरवले. सेवाग्राममध्ये अन्नत्याग करून 4 जून 1947 रोजी त्यांनी शांतपणे निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे आदराने स्मरण केले.

पाली शिकण्यासाठी भारतीय विद्यार्थ्यांना श्रीलंकेत पाठवावे, अशी कोसंबींची इच्छा होती आणि गांधीजींनी तिचा पुरस्कार केला. देह सोडायला निघालेल्या माणसाला संपत्तीची चिंता नव्हती. आपल्यामागे कोणी तरुण समुद्र ओलांडून शिकायला जावा, एवढीच ओढ होती. श्रीलंका आणि हार्वर्ड पाहून आलेला हा अभ्यासक शेवटी भगवान पार्श्वनाथांच्या दाराशी आला, आणि तोही वर्ध्याच्या मातीत. परदेशगमनाने धर्म दुरावतोच असे मानणाऱ्याने ही गोष्ट शांतपणे विचारात घ्यावी.

आता पवनार. नागपूरच्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी विनोबांचा परंधाम आश्रम आहे आणि तेथेच 1959 साली स्त्रियांसाठी स्थापन झालेले ब्रह्मविद्या मंदिर आहे. विनोबा शिक्षणासाठी परदेशी गेले नाहीत, पण परदेशी जाणाऱ्या जैन विद्यार्थ्याला त्यांनी एक अमोल वस्तू दिली. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवानिमित्त सर्व पंथांना मान्य होईल असा जैन धर्माचा एक सारग्रंथ व्हावा, हा आग्रह त्यांनी धरला. जिनेन्द्र वर्णी यांनी संकलन केले, सर्व पंथांच्या मुनींनी व विद्वानांनी 1974 च्या नोव्हेंबरात दिल्लीत एकत्र बसून त्याला मान्यता दिली, आणि 756 गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले. त्याचा इंग्रजी अनुवादही उपलब्ध आहे. विनोबांनी 1982 साली अन्न-औषध थांबवून देह ठेवला, तो दिवस 15 नोव्हेंबरचा, म्हणजे महावीर निर्वाणाचाच होता.

परदेशी वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारते, ‘तू कांदा-बटाटा का खात नाहीस?’ ‘आमच्या घरी चालत नाही’ एवढेच उत्तर देणारा मुलगा दुसऱ्या प्रश्नाला अडखळतो. जीवदया, अनेकान्त आणि अपरिग्रह यांविषयी चार वाक्ये नीट सांगू शकणारा विद्यार्थी समोरच्याला काही देतो, आणि सांगता सांगता त्यालाही ते अधिक कळते. म्हणून लोणचे आणि खाखऱ्यांच्या डब्यांशेजारी बॅगेत ‘समणसुत्तं’ला जागा असावी.

व्यवहाराचा विचारही आधीच व्हावा. पाश्चात्त्य देशांत शरद सत्र बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते, म्हणजे ऐन पर्युषणाच्या सुमारास. डिसेंबरात लंडनला सूर्य दुपारी चारच्या आधी मावळतो आणि जूनमध्ये रात्री नऊनंतर. चौविहार पाळणाऱ्या मुलीने वर्गाचे वेळापत्रक पाहून जेवणाची वेळ ठरवली, डबा सोबत ठेवला, तर व्रत निभते. कोणते नियम पूर्ण पाळायचे आणि कोणते तेथील परिस्थितीनुसार पाळायचे, हे निघण्यापूर्वी आई-वडिलांनी मुलांसोबत बसून, शक्य असल्यास गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. पाळता येतील असे थोडे नियम मनापासून स्वीकारावेत. तीन नियम घेऊन गेलेला एक मुलगा पुढे काय झाला, ते सेवाग्राम सांगतेच.

सत्र संपवून मूल परत येते तेव्हा घरचे गुणपत्रक विचारतात, छायाचित्रे पाहतात. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: तेथे काय शिकलास आणि तेथे काय देऊन आलास? दोन्ही उत्तरे मिळाली तर चातुर्मास सफल झाला असे समजावे. आणि ज्या घरातून मूल जाणार आहे, त्या घराने निघण्यापूर्वी एकदा त्याला वर्ध्याला घेऊन जावे. बापूकुटी, मगन संग्रहालय आणि पवनारचा घाट पाहायला दोन दिवस पुरतात.