आतल्या खाचा

मिरजेच्या आमच्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा होता. झाकण लावलं की हातात धरून कुठेही नेता येईल असा रेकॉर्ड प्लेअर. बाबा शाळेत शिकवायचे. त्या पगारात एलपी घेणं हा घराचा मोठा निर्णय असे. महिनाभर आधीपासून बोलणी चालायची: या खेपेला मन्सूरअण्णा, कुमार, की किशोरीताई? मग कुणीतरी पुण्याला जाणारं गाठून पैसे दिले जायचे. आलेली रेकॉर्ड इतक्या वेळा लागायची की सुई कुठे खरखरणार हेही आम्हा भावंडांना पाठ झालेलं असे.

पुढे नोकरीने न्यू जर्सीत आणून सोडलं. आमच्या घरापासून इंगलवुड क्लिफ्स फार लांब नाही. रूडी व्हॅन गेल्डर यांनी १९५९ मध्ये तिथे आपला स्टुडिओ थाटला. जॉन कोल्ट्रेनचं ‘अ लव्ह सुप्रीम’ डिसेंबर १९६४ मध्ये तिथेच ध्वनिमुद्रित झालं. जॅझ मला कळत नव्हतं, कळून घ्यायचं मात्र होतं. म्हणून रेकॉर्डप्रेमींच्या एका क्लबची वर्गणी भरली. पैसे आगाऊ द्यायचे, निवड त्यांची. मूळ टेपवरून नव्याने कोरलेली जड तबकडी जाड पुठ्ठ्याच्या वेष्टनात दारात येणार. ली मॉर्गन आला, अँड्रू हिल आला. अँड्रू हिलची रेकॉर्ड दुकानात मी हातातही धरली नसती. आज तिच्याशिवाय माझं कपाट अपुरं वाटेल. त्या वर्गणीने मला कान दिला. ते पैसे सत्कारणी लागले, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

या तबकड्या महाग का, हेही हळूहळू समजत गेलं. नेहमीच्या पद्धतीत आधी लॅकरच्या चकतीवर खाचा कोरतात. तिच्यावर निकेलचा थर चढवून ‘फादर’ काढतात, फादरवरून ‘मदर’ आणि मदरवरून स्टॅम्पर. तबकड्या छापल्या जातात त्या या स्टॅम्परने. एका लॅकरपासून असे अनेक स्टॅम्पर निघतात. ‘वन स्टेप’ पद्धतीत मधल्या दोन पायऱ्या गाळून लॅकरवरून थेट स्टॅम्पर बनवतात. त्यातून हजारभर तबकड्या निघाल्या की पुन्हा टेप लावायची आणि नवं लॅकर कोरायचं. अशा संचाला १०० डॉलरच्या वर मोजावे लागतात. त्यात लॅकरच्या चकत्या बनवणारे मोठे कारखाने जगात दोनच होते, आणि त्यातला कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला. चांगल्या कोरणाऱ्याचा हात, उत्तम छपाई यांना दाम द्यायला माझी कधीच ना नाही. केविन ग्रे यांनी कोरलेली ब्लू नोटची ‘टोन पोएट’ मालिकेतली रेकॉर्ड ३५-४० डॉलरला मिळते, आणि ती ऐकताना एकही डॉलर वाया गेल्यासारखा वाटत नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात मात्र या जगात मोठी खळबळ उडाली. मोबाइल फिडेलिटी या नामवंत कंपनीच्या इंजिनिअरांनी मुलाखतीत सांगितलं की, टेपपासून लॅकरपर्यंतच्या वाटेत त्यांच्याकडे बरीच वर्षं एक डिजिटल टप्पा वापरला जात होता. ग्राहकांचा समज संपूर्ण अ‍ॅनालॉगचा होता. प्रकरण कोर्टात गेलं. मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटली ती एक गोष्ट: याच रेकॉर्ड्सचा आवाज जाणकारांनी वर्षानुवर्षं वाखाणला होता. कानांनी दिलेला कौल खोटा नव्हता. तडा गेला तो वेष्टनावर वाचलेल्या हकिकतीला. तेव्हापासून मी क्रमांक घातलेल्या, मर्यादित प्रतींच्या जाहिरातींसाठी जास्तीचे पैसे देत नाही. कोणी कोरली, कशावरून कोरली, एवढंच विचारतो.

पण वर्गणी थांबवली ती वेगळ्याच कारणाने. एका सुट्टीत मिरजेहून मी किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी इकडे आणली आणि चांगल्या टर्नटेबलवर लावली. सुई कडेकडून मध्याकडे सरकत जाते. तबकडीचे फेरे मिनिटाला ३३⅓ हेच राहतात, परिघ मात्र लहान होत जातो. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, अगदी आत जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा. आता भूप आठवून पाहा. विलंबित ‘प्रथम सुर साधे’ला बाहेरची ऐसपैस जागा मिळते, आणि ‘सहेला रे’ येतं ते आतल्या, अरुंद खाचांत. आपल्या ख्यालाची चढती लय आणि तबकडीची उतरती ताकद एकमेकींच्या विरुद्ध दिशेने चालतात. लहानपणी तिथे आवाज किंचित फाटायचा. मी तो दोष फिएस्टाचा समजायचो.

शौकिनांच्या जगात यावर उतारा आहे. मिनिटाला ४५ फेऱ्यांनी कोरायचं आणि एका रेकॉर्डच्या दोन करायच्या. सहा-सात मिनिटांच्या जॅझला ते शोभून दिसतं. ख्यालाला नाही. ४५ वर एका बाजूला बारा-पंधरा मिनिटं मावतात; विलंबित रंगात येतो न येतो तोच उठून तबकडी उलटायची! राग असा मधेच तोडण्यापेक्षा आतल्या खाचांची खरखर मी आनंदाने ऐकेन. आपल्या गाण्याला हवी ती एवढीच गोष्ट: मूळ टेप, ३३ चाच वेग, आणि शेवटच्या पाच मिनिटांत द्रुत येणार आहे हे आधी ओळखून सुरुवातीपासून आवाजाची पातळी आणि खाचांची जागा राखणारा कोरणारा. त्याला ख्यालाची घडण ठाऊक असायला हवी.

वर्गणीच्या पैशातून जगभरच्या जुन्या जॅझ टेपा तिजोरीतून बाहेर निघतात, तपासल्या जातात, जपल्या जातात. ते काम मला मोलाचं वाटतं. ज्याला जॅझ शिकायचंय त्याला मी आजही एका वर्षाची वर्गणी भर म्हणून सांगतो. माझं शिकणं तिथपर्यंत झालं. आता लागेल ती एकेक रेकॉर्ड मी निवडून घेतो. मात्र मन्सूरअण्णा, किशोरीताई, कुमारजी यांच्या मूळ टेपांवरून कुणी याच निष्ठेने मालिका काढली, तर यादी न पाहता पाच वर्षांची वर्गणी मी आजच भरेन, आणि मिरजेत बाबांच्या पत्त्यावरही एक प्रत पाठवायला सांगेन.