सहाची मेणबत्ती

ऑफिस, ट्रॅफिक, डेडलाइन... घरी फुगे फुगवायला वेळ कुणाला? म्हणून लेकाचा वाढदिवस यंदा रविवारच्या हॉटेल ब्रंचला! पास्ता काउंटर, चॉकलेट फाउंटन, जादूगार. आपण फक्त कार्ड द्यायचं.

मुलं ५ वर्षांपर्यंत फ्री, पुढे हाफ चार्ज, वर जीएसटी. मॅनेजरने वयं विचारली. १० मुलांचा हिशेब मनात झाला आणि मी बिनधास्त म्हणाले, ‘सगळी पाचचीच!’

‘आई, मी आज सहाचा झालो ना?’ लेकाचा चेहरा एवढासा. समोर केकवर सहाची मेणबत्ती. मॅनेजर नुसता हसला. मी गुपचूप दहाही जणांचे पैसे भरले.

रात्री झोपताना पुन्हा तोच प्रश्न, ‘आई, नक्की सहाचा ना?’

जवळ घेतलं. ‘हो रे राजा, पूर्ण सहाचा!’