नानांची फॉल्ट-वही

नाना आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं काढली, आधी लाइनमन, मग केबल जॉइंटर. व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, हा शब्द त्यांनी पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकला. तरी माझा हेडसेट आज चालतोय तो त्यांच्यामुळे, आणि हे मला एकदा नीट लिहून ठेवायचं होतं.

2021 च्या दिवाळीत दुबईहून येणाऱ्या मित्राकडून मी क्वेस्ट 2 हा व्हीआर हेडसेट मागवला. ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ हा गेम खेळायचा होता. त्याला पीसी लागतोच, म्हणून पाच मीटरची यूएसबी केबल वेगळी घेतली. पुढचे आठ दिवस नुसता काळा पडदा आणि तीन ठिपके. चित्र आलंच तर दोन मिनिटांत गोठायचं. मान वळवली की दृश्य मागून रखडत यायचं आणि पोटात ढवळायचं. हेडसेटमध्ये सेकंदाला 90 चित्रं दाखवायची म्हणजे एका चित्राला जेमतेम 11 मिलिसेकंद मिळतात. ती वेळ चुकली की डोळे एक सांगतात आणि कानातला तोल दुसरंच.

मी ड्रायव्हर बदलले, स्टीमव्हीआर तीनदा काढून पुन्हा टाकलं, शेवटी विंडोजच नव्याने घातलं. ‘सगळं काढून पुन्हा टाका’ हा सल्ला जो तो देतो. माझ्या मते याच्याइतका वाईट सल्ला नाही, कारण दोष कुठे होता याचा मागच त्यात पुसला जातो.

नाना पेपर परत द्यायला वर आले तेव्हा मी जमिनीवर वायरींच्या गुंत्यात बसलो होतो.

“शेवटचं नीट कधी चाललं होतं?”

“चाललंच नाही, नाना.”

“मग लाइन पहिल्यापासून धरायची. वही आण.”

घरचा फोन बंद पडला तर जॉइंटर सगळा रस्ता उकरत बसत नाही. मधल्या खांबावर चढायचं, तिथे फोन लावायचा, टोन येतोय का ऐकायचं. येत असेल तर फॉल्ट पुढे, नसेल तर मागे. नानांनी हाच हिशोब माझ्या टेबलावर मांडला. वहीत तीन रकाने आखले: काय बदललं, काय झालं, वेळ. एका वेळी एकच बदल. मी घाईने दोन गोष्टी एकदम करायला गेलो की ते माझं मनगट धरायचे.

केबल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये होती. सॉफ्टवेअरमधल्या चाचणीत वेग आला साडेतीनशे मेगाबिटच्या आसपास, म्हणजे जुन्या यूएसबी 2 इतका. तीच केबल मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावली आणि आकडा दोन हजारांच्या वर गेला. नानांनी कॅबिनेटची बाजू उघडायला लावली. पुढच्या पोर्टची आतली वायर मदरबोर्डवर अर्धवटच बसली होती. त्यांनी ती अंगठ्याने दाबली, ‘टक्’ झालं. “फॉल्ट जॉइंटात असतो बाळा. वायर बिचारी क्वचित तुटते.”

चित्र मधेच गोठायचं त्याचं कारण विंडोजची वीजबचत निघाली, ती यूएसबी पोर्ट झोपवत होती. हातातले कंट्रोलर मधूनच उडून जायचे, ते समोरच्या कपाटाच्या आरशामुळे. हेडसेट कॅमेऱ्यांनी खोली बघतो, आरशात त्याला दुसरी खोली दिसत होती. नानांनी आरशावर चादर टाकली. खिडकीत ठेवलेला हेडसेटही त्यांनीच उचलून आत ठेवला. भिंगातून ऊन आत गेलं तर पडदा जळतो, हे मला ठाऊक असूनही मी तो तिथे ठेवला होता.

गेम सुरू झाला तेव्हा नाना चहा पीत होते. त्यांनी वेळ लिहून वही मिटली. मी म्हटलं, “आता तुम्ही बसा.” स्टीलची पट्टी धरून त्यांच्या बुबुळांमधलं अंतर मोजलं, 64 मिलिमीटर. भिंगं मधल्या, 63 च्या खाचेवर आणली. चष्मा आत मावावा म्हणून खोक्यातली स्पेसरची चौकट बसवली. उभं नको म्हणून खुर्ची दिली आणि गूगल अर्थ व्हीआर लावलं.

“कुठे जायचं, नाना?”

“कराडला ने. तिथनं नदी धरून वर.”

प्रीतिसंगमापासून कोयनेच्या कडेने पाटण, पुढे हेळवाक. तिथे नदी उत्तरेला वळते. मग कोयना धरणाची भिंत, आणि त्यामागे शिवसागर जलाशयाचं लांबच लांब पाणी. नानांचं गाव त्या पाण्याखाली आहे. पाणी चढलं तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं.

“आता खाली घे. अजून. थांब.”

ते पाण्याकडे बघतच नव्हते. मान वर करून डोंगराची कड न्याहाळत होते. कंट्रोलर मांडीवर ठेवून त्यांनी मोकळा हात पुढे केला. “ती खिंड. तिथं सूर्य मावळायचा. आई तवा हाक मारायची.” वीस मिनिटं ते तसेच बसले होते. मी खोलीतला पंखासुद्धा बंद केला.

तुमच्या घरी असा हेडसेट असेल तर चष्म्यासाठीची ती चौकट खोक्याबरोबर फेकून देऊ नका. घरातल्या वयस्क माणसाला खुर्ची द्या, आणि कुठे जायचंय ते विचारा.