पाती विंचरताना

वादळात नारळाची झावळी पडली ती नेमकी रोह्याच्या घरातल्या खिडकीच्या एसीवर. मागची बाजू चेपली, तांब्याच्या नळीला चीर गेली, गॅस उडून गेला. पेणहून मेकॅनिक आला. म्हणाला, "काका, यात आर-२२ आहे. नळी झाळून देतो, पण २०३० पर्यंत हा गॅस बंदच व्हायचाय. नवीनच घ्या."

हिशेब सरळ होता. तरी मी गप्प. आईचे शेवटचे दोन उन्हाळे याच खोलीत गेले. त्या घरघरीशिवाय तिला झोप लागत नसे. (आम्हाला त्या घरघरीमुळेच लागत नसे, ते वेगळं.)

बोलता बोलता तो फणीसारख्या पट्टीने वाकलेली पाती विंचरू लागला. कागदासारखं पातळ ॲल्युमिनियम, एकेक ओळ उभी राहत होती. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात असाच श्वास रोखून चालतो. गॅस नसलेल्या एसीला विंचरून काय उपयोग, हे त्यालाही ठाऊक असणार.

"विचार करून सांगा," म्हणत तो दिव्याची मेमू गाठायला निघाला. दोन ओळी राहिल्याच.

एसी अजून खिडकीतच आहे. रात्री कुंडलिकेवरून वारा आला की मागे काहीतरी किंचित वाजतं.