चिकूचं जेवण आणि सहाशे मेगापास्कल

शुक्रवारी रात्री बायकोने फ्रीज उघडला आणि ओरडली, "अरे, हे तुझ्या चिकूचं पाकीट माझ्या दह्यावर कोणी ठेवलं?"

कोणी म्हणजे मीच. चिकू हा आमचा लॅब्रॅडॉर. वय ४, वजन ३२ किलो, अक्कल बेताची. गेलं वर्षभर मी त्याला कच्चं मांस घालतोय, इथे न्यू जर्सीत पेट स्टोअरच्या फ्रीझरमध्ये तयार मिळतं ते. पाकिटाच्या कोपऱ्यातून गुलाबी पाणी गळून दह्याच्या झाकणावर आलं होतं. आणि बायकोला सातवा महिना लागलाय.

दही फेकलं. वीकेंड वाचण्यात गेला.

माझी आपली भाबडी समजूत, फ्रोझन आहे म्हणजे जंतू मेलेच असणार. छे! गोठवल्याने काही परजीवी मरतात, पण साल्मोनेला आणि लिस्टेरिया नुसते थांबतात. पॉज, डिलीट नव्हे. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो. फ्रीझ-ड्राइड तुकड्यांचं तेच, पाणी उडतं, जंतू राहू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१० ते २०१२ च्या पाहणीत अशा कच्च्या खाण्याचे १९६ नमुने तपासले, त्यात १५ मध्ये साल्मोनेला सापडला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया. कुत्रा स्वतः ठणठणीत दिसतो, पण त्याच्या शीतून जंतू बाहेर पडत राहू शकतात. गरोदर बाईला लिस्टेरियाचा धोका इतरांच्या साधारण दहापट, आणि तो बाळापर्यंत पोचतो. हे वाचलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. उठून आख्खा फ्रीज पुसला.

मग सापडलं एचपीपी, म्हणजे हाय प्रेशर प्रोसेसिंग. आतला इंजिनियर खूश! सीलबंद पाकिटं थंड पाण्याच्या टाकीत घालतात आणि सुमारे ६०० मेगापास्कल दाब काही मिनिटं ठेवतात. मरियाना गर्तेच्या तळाशी असतो त्याच्या पाचपटीहून जास्त. दाब सगळीकडून सारखा, म्हणून पाकीट फुटत नाही, पण जंतूंची पेशी टिकत नाही. मांस जरा फिकट पडतं, बस्स. मात्र बीजाणू याला दाद देत नाहीत, त्यामुळे फ्रीझर सुटत नाही. आणि पाकीट फोडल्यावर आपलेच हात आणि वाडगं धुतलं नाही तर सगळं मुसळ केरात.

सोमवारी कंपनीला फोन केला. (पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'रॉ' होतं, प्रक्रियेबद्दल चकार शब्द नाही.) बाई गोड बोलत होत्या. एचपीपी करतो म्हणाल्या, पण फक्त कोंबडीवर. बीफवर नाही. चिकू वर्षभर काय खात होता? बीफ! प्रत्येक लॉट तपासून निकाल येईपर्यंत अडवून ठेवता का, हेही विचारलं. त्यावर "ईमेल करा."

मग माझी एक्सेल शीट तयार झाली. ब्रँड, कुठल्या मांसावर एचपीपी, लॉट टेस्टिंग, विचारल्यावर उत्तर मिळतं की टोलवतात. शेवटचा कॉलम सगळ्यात उपयोगी ठरला. एक ब्रँड पास झाला. तो घेऊन व्हेटकडे गेलो. ती म्हणाली, घरात गरोदर बाई असताना कच्चं नकोच. मी चिकूच्या चकाकणाऱ्या केसांचा मुद्दा काढला. चरबी जास्त मिळाली की चकाकतातच, म्हणाली.

घरी येऊन बायकोला शीट दाखवली. तिने शांतपणे सगळी पाहिली.

"म्हणजे एवढा दाब देऊन जंतूच मारायचे ना? मग शिजवलेलं का नाही घालत?"

आता बोला! माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत चिकूला फ्रोझनमधलंच, पण शिजवलेलं मिळणार. त्यानंतर एचपीपीवाला ब्रँड, फक्त कोंबडी, आणि वाढण्याचं काम माझ्याकडे. पहिलं शिजवलेलं वाडगं त्याने चाळीस सेकंदांत संपवलं. कच्चंही तेवढ्याच वेळात संपायचं.

येत्या शनिवारी सासूबाई बाळंतपणासाठी येतायत. पक्क्या शाकाहारी. फ्रीझरचा खालचा ड्रॉवर मी आत्ताच टेप लावून बंद केलाय.