ओटा आणि माळा

घरात जागा पुरेनाशी होते तेव्हा दोष घराचा, की एकाच वेळी मांडून ठेवलेल्या पसाऱ्याचा, हा प्रश्न कोणत्याही एकत्र कुटुंबास नवा नाही. अलीकडे तो आमच्या घरी संगणकाच्या निमित्ताने उभा राहिला. आमचे थोरले काका, वय वर्षे ८२, घराण्याचा कुलवृत्तान्त लिहीत आहेत. गेल्या चातुर्मासात यंत्र असे मंदावले, की एक अक्षर उमटण्यास अर्धे मिनिट लागावे. तरुण मंडळींनी नव्या यंत्राचा आग्रह धरिला. काका मात्र ‘माझ्या हातून आता हे पुरे व्हायचे नाही’ असे म्हणून कागदांचे दप्तर बांधू लागले.

यंत्राच्या पोटात सामान ठेवण्याच्या दोन जागा असतात. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावरील जिन्नस हाती येण्यास सेकंदाचा सुमारे एक कोट्यंश लागतो, तर फिरत्या डिस्कवरून तो येण्यास सुमारे शतांश, म्हणजे लाखपट! पहिल्या कामास एक सेकंद धरिला, तर दुसऱ्यास एका दिवसाहून अधिक काळ होईल. नव्या एसएसडी पुष्कळ चपळ खऱ्या, तथापि रॅमच्या मानाने त्याही मंदच.

ओट्यावर न मावणारे सामान यंत्राने आपण होऊन माळ्यावर टाकावे व लागेल तेव्हा खाली आणावे, ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅटलस यंत्रात योजिली. हे यंत्र १९६२ साली सुरू झाले. पुढे १९६८ साली पीटर डेनिंग यांनी या युक्तीची मर्यादा दाखविली. प्रत्येक कामास हाताशी लागणाऱ्या वस्तूंचा एक संच असतो. चालू असलेल्या सर्व कामांचे संच मिळून ओट्यावर मावेनासे झाले, की यंत्र थोडथोडे मंदावत नाही, एकदम कोलमडते. एक भांडे उतरवावे म्हणून दुसरे वर चढवावे, तो तेच पुढच्या क्षणी हवे! सारा दिवस शिडीवर जातो आणि स्वयंपाक राहतो बाजूलाच.

पुतण्यास शेजारी बसवून आम्ही टास्क मॅनेजर उघडिला. रॅम चारच गिगाबाइट. तीत ब्राउझरची तीसेक पाने, कोणीतरी अर्धवट सोडलेला चित्रपट, आणि जुन्या दस्तऐवजांची मोठमोठी छायाचित्रे, सारी एकदम उघडी! नको ते मिटले, यंत्राबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद केले, छायाचित्र एका वेळी एकच उघडावयाचे ठरविले. अक्षर बोटासरशी उमटू लागले.

मग माळाच काढून टाकावा काय? नव्हे. वर्षातून एकदा लागणारी परात माळ्यावर असलेलीच बरी. माळा नसता ओटा भरला, तर लिनक्ससारखी प्रणाली चालू कामांपैकी एखादे मारूनच टाकते. कामे आवरूनही शिडीची धावपळ थांबेना, तर रॅम वाढवावी. तो खर्च वाया जात नाही.

परंतु हा विचार यंत्रापाशीच का थांबावा? घरातील कर्त्या स्त्रीस विसराळू, अथवा वृद्धास थकलेला म्हणण्यापूर्वी, आपण त्यांच्यापुढे एकाच वेळी किती कामे मांडून ठेविली आहेत, हे एकदा मोजून पाहावे. हाक मारून अर्ध्या कामातून उठविलेल्या माणसास मागचा धागा पुन्हा शोधावा लागतो. तो वेळ कोणाच्याही हिशेबात धरिला जात नाही. थकवा मात्र त्याच्याच पदरी पडतो.