आमच्या भिंतीवरचा वाघ

आमच्या जिल्ह्यात वाघ रंगवायला भिंती कमी पडतात. चंद्रपूर स्थानकावर उतरा, वाघ. बल्लारशाहला उतरा, वाघ. स्थानिक चित्रकारांनी या दोन्ही स्थानकांवर ताडोबाचं जंगल आणि आदिवासी चित्रकला उतरवली. २०१८ साली रेल्वेच्या सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत या दोघांना मिळून देशात पहिला क्रमांक आणि १० लाखांचं बक्षीस मिळालं. दुसऱ्या क्रमांकावर मदुराईसोबत बिहारचं मधुबनी होतं, चित्रांसाठीच जगभर नाव असलेलं! अभिमान वाटायलाच हवा.

सहलीला नेताना मी मुलांना मुद्दाम तासभर आधी स्थानकावर पोचवते. मुंबईची कलादालनं आमच्या मुलांच्या वाट्याला कधी येणार? हे त्यांचं प्रदर्शन, रात्रंदिवस उघडं. रंग कुठे पातळ झाला, सावली कोणत्या बाजूला पडली, सगळं ती बोट लावून बघतात.

मागच्या वर्षी आमच्या शाळेतही ‘बोलक्या भिंती’चं काम निघालं. पेंटरदादा मोबाईलमध्ये फोटो घेऊन आले. पाणवठ्यावर बसलेला, थेट आपल्याकडे बघणारा वाघ. हात छान होता त्यांचा. मिशीचा एकेक केस काढत होते आणि मुलं मागे उभी. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, वाघ असा नाई दिसत जी.”

“मग कसा दिसते?”

“दिसतच नाई. नुसतं गवत हालते.”

तिच्या आजीला मोहफुलं वेचताना वाघानं नेलं होतं. जंगलालगतच्या शाळांत शिकवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मोहफूल रात्री गळतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये बाया उजाडायच्या आधीच झाडाखाली पोचतात आणि वाकून वेचत राहतात. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा भासतो, असं वनखात्याची माणसं सांगतात. मोह संपला की तेंदूपत्ता. घर त्याच्यावर चालतं, त्यामुळे ‘जाऊ नका’ म्हणणं सोपं आणि न जाणं कठीण.

स्थानकावरचा वाघ जिप्सीत बसून पाहिलेला आहे. तो खोटा नाही. पण या मुलीचा वाघ पायवाटेवरून पाहिलेला आहे, आणि तो आमच्या जिल्ह्याच्या कुठल्याच भिंतीवर मला दिसला नव्हता. खरं तर ताडोबा हे नावच तारू नावाच्या गावप्रमुखावरून आलं, असं मानतात. तो वाघाशी लढताना गेला, मग देव झाला. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासी तिथे जत्रेला जमत. म्हणजे भीती, दुःख आणि नमस्कार हे सगळं एकत्र सांभाळायची रीत इथे जुनी आहे. पोस्टरवर मात्र फक्त डौल उरला.

(अशीच आणखी एक गोष्ट. ठिपके-रेघांनी भरलेली जी ‘गोंड चित्रं’ आपण मुलांना गिरवायला देतो, ती शैली पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांच्यामुळे, भोपाळच्या भारत भवनातून, १९८० च्या दशकात पुढे आली. सुंदर आहे, जरूर शिकवावी. पण भामरागडकडच्या माडियांची ओळख त्यांच्या कोरीव लाकडी कामात आहे. ‘तुमचीच कला’ म्हणून त्या पोरांपुढे छापील ठिपके ठेवणं मला पटत नाही.)

पेंटरदादांचा वाघ दर्शनी भिंतीवर पूर्ण झाला. स्वयंपाकखोलीमागची भिंत मी मुलांसाठी मागून घेतली. गेरू, चुना, कोळसा आणि दादांनी ठेवलेला उरलेला रंग. विषय एकच : आपल्या गावचा वाघ. अट एकच : फोटो बघायचा नाही.

एकानं नुसते पंजे काढले, थेट हापशीपर्यंत आलेले. एकानं डबा वाजवत जाणारी माणसांची रांग काढली, सगळ्यात मागे कुत्रा. दोघींनी शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड काढला आणि त्याच्यापुढे नारळ. एकाच्या चित्रात बकरी आहे, तिला डोकं नाही. त्या मुलीनं गवत काढलं. दीड हात उंच, दाट, हिरवं आणि पिवळं, मध्येच एका जागी वाकलेलं. बाकी काही नाही.

व्यवस्थापन समितीत कुरबुर झाली. “पाहुणे येतात मॅडम, हे काय भुताटकीसारखं?” पुसून पाढे लिहा, असंही सुचवलं गेलं. पाढ्यांना दुसरी भिंत आहे, म्हटलं. पालकांना बघू द्या, मग ठरवू.

पालकसभेच्या दिवशी त्या मुलीचे वडील आले. एरवी सही करून निघणारा माणूस. गवतापुढे बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी खाली पडलेला कोळसा उचलला.

“इथं मोहाचं झाड पायजे जी,” म्हणाले, आणि गवताच्या कडेला खोड काढायला लागले.